पाठमोरी लाभार्थी

"फोटोत लाभार्थी न्हाई," बिरादार सर म्हणाले आणि फाईल माझ्याकडे सरकवली.

फोटोत दोन खुर्च्या होत्या. एकीत आमच्या समुपदेशक शेख मॅडम हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. दुसरी रिकामी होती. त्या खुर्चीत जिने बसायचं होतं ती रवान हॉस्टेलच्या खोलीत कडी लावून बसली होती.

मी लातूरच्या एका कॉलेजात, परदेशी विद्यार्थी कक्षात काम करते. बिरादार सर कक्षाचे प्रमुख. आमच्याकडे सुदान, येमेन, नेपाळची मुलं-मुली शिकतात. त्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी सरकार अनुदान देतं असं कळलं, तेव्हा प्रस्ताव लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नांदेडला इंग्लिश मीडियमला शिकले. इंग्रजी लिहिता येतं, चारचौघांत बोलता येत नाही. सरांना या दोन्ही गोष्टी सोयीच्या वाटतात.

मी फारसं काही मागितलं नव्हतं. आठवड्यातून दोन दिवस येणारी समुपदेशक, आणि दार नीट बंद होणारी एक खोली. दोन्ही मंजूर झालं. शेख मॅडम उदगीरहून येऊ लागल्या. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग उद्घाटन झालं.

आमच्याकडे बोअरला पाणी लागलं तरी कुणाचा तरी सत्कार होतो. इथे सत्कार कुणाचा करायचा, असा प्रश्न आला. नावनोंदणीच्या यादीत पहिलं नाव रवानचं होतं. ती सुदानची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या शहरात लढाई चालू होती आणि घरचा फोन आठवडे-आठवडे लागत नव्हता. तिला झोप येत नव्हती, म्हणून तिने सगळ्यांत आधी नाव दिलं होतं. सरांनी तिला स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ, टाळ्या. खाली आल्यावर तिने माझ्या कानाशी विचारलं, "मी काय जिंकले?"

मी तिच्या खांद्यावरून घसरणारी शाल सावरली.

दुसऱ्या दिवशी गेटवर फ्लेक्स लागला. वर पाहुणे, मधे सर, आणि खाली नारळ धरलेली रवान. मजकूर होता : 'मानसिक स्वास्थ्य प्रकल्पाच्या प्रथम लाभार्थी कु. रवान यांचे हार्दिक अभिनंदन.' दुपारपर्यंत कँटीनमध्ये एक वाक्य तयार झालं होतं. "येड्यात पहिली आली बघ ती." रवानला तेवढं मराठी कळत होतं.

मी धीर करून सरांना म्हटलं, फ्लेक्स काढू या.

"काढायचा? आताच तर लावला. पोरीचं नाव झालं की गावभर."

फ्लेक्स उतरला तो एका वाढदिवसाच्या फ्लेक्सला जागा हवी होती म्हणून. तोवर रवानने वर्गात येणं बंद केलं होतं.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. परदेशी विद्यार्थ्याला भारतात राहण्याचा परवाना ठरावीक काळाने वाढवून घ्यावा लागतो. त्यासाठी कॉलेजचं पत्र लागतं. हजेरी कमी असेल तर परीक्षेला बसता येत नाही, आणि परीक्षा नसेल तर कॉलेज पत्र देत नाही. पत्र नाही, तर परत जा. रवानच्या बाबतीत 'परत' म्हणजे कुठे, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. एकच वाट होती. समुपदेशकाने लेखी शिफारस केली तर हजेरीत सूट मिळते. शेख मॅडम शिफारस लिहायला तयार होत्या. पण ती पुढे पाठवायचं सरांच्या हातात होतं. त्यांना दर भेटीची रजिस्टरमध्ये नोंद आणि जिओ-टॅग फोटो हवा होता, म्हणजे ज्यावर ठिकाण आणि वेळ आपोआप उमटते तो. रजिस्टर सरांनी स्वतः आखलं होतं. नाव, समस्या, निराकरण झाले का, सही.

नाव आणि चेहरा गुप्त ठेवावा असं गाईडलाइनमध्ये लिहिलंय, हे मी त्यांना दाखवलं. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही आहे का म्हणून.

"मॅडम, पोरगी रडली, मोकळी झाली तर लई चांगलं हाय. पण ते फाईलला लावता येत न्हाई."

रिकाम्या खुर्चीचा फोटो असलेली ती फाईल घेऊन मी समुपदेशन कक्षात गेले. शेख मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"बेटा, ती बोलंल माझ्याशी," त्या म्हणाल्या. "हॉस्टेलच्या मागं, चालता चालता बोलंल. या खुर्चीत न्हाई." मग खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "त्यांना फोटोच पाहिजे ना? तू बस."

मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसले. शिपायाने फोटो काढला. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर शेख मॅडम चपला घालून हॉस्टेलच्या मागे गेल्या. त्या दिवशी रवान फक्त चालली. पुढच्या खेपेला बोलली.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी वेगळी ओढणी आणायची. हिरवी, बांधणीची, आईची एक जुनी. रजिस्टरमध्ये नावाच्या जागी नंबर घातला. समस्येच्या रकान्यात 'शैक्षणिक ताण' लिहिलं. ते खोटं नव्हतं. ताण मलाही होता.

"चेहरा कुठंय?" सरांनी विचारलं.

"चेहरा दिसला तर पुढचा हप्ता अडकतो, सर. गाईडलाइन आहे."

गाईडलाइनमध्ये हप्त्याबद्दल असं काही नव्हतं. पण ती माझ्याशिवाय कुणी वाचलेली नव्हती. सरांनी सही केली. शिफारस गेली, रवान परीक्षेला बसली, परवाना वाढला.

वर्ष संपताना वरून एक अधिकारी पाहणीला आले. शेख मॅडमशी ते एक शब्द बोलले नाहीत. कुठल्या मुलीला बरं वाटतंय का, हेही विचारलं नाही. फोटो मात्र एकेक करून पाहिले. शेवटी म्हणाले, "ही पाठमोरी पद्धत छान आहे. बाकी कॉलेजांनाही सांगू."

"आमचीच कल्पना," बिरादार सर म्हणाले.

सरांचा सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. गेटवर नवीन फ्लेक्स लागला : 'गोपनीयता जपणारे आमचे महाविद्यालय.' मधे सर आणि खाली, बऱ्यापैकी मोठी, माझी पाठ.

रवान त्याच्यासमोर थांबली. तिच्या घरचा फोन अजूनही रोज लागत नाही आणि शेख मॅडम अजूनही तिच्याबरोबर चालतात. पण आता ती वर्गात येते. बांधणीची ओढणी तिने ओळखली, कारण त्या दिवशी ती माझ्या गळ्यातच होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, "तू काय जिंकली?"

एवढं मात्र मी शिकले. सरकारी गाईडलाइन शेवटच्या पानापर्यंत वाचावी. तिच्यात काय लिहिलंय त्यापेक्षा, ती दुसऱ्या कुणी वाचलेली नाही, हे जास्त कामाला येतं.