एसटीत मोठ्यानं सांगितलेला पासवर्ड

सांगलीकडच्या एका दूध संघात मी संगणकाचं काम बघतो. गावोगावच्या केंद्रांवर दुधाचं माप झालं की नोंद आमच्या लिनक्स सर्व्हरवर येते. त्या सर्व्हरवर रूट नावाचं एक खातं असतं. रूटनं काहीही उघडावं, काहीही पुसावं, मशीन अडवत नाही. म्हणून त्याचा पासवर्ड एकाच माणसाकडे असावा, असा आमच्या साहेबांचा नियम होता. तो माणूस मी. रजेवर असलो तरी फोन उशाशी घेऊन झोपायचो.

माझ्या हाताखाली पलूसची एक मुलगी होती. वडील फौजेत होते म्हणून असेल, पण सांगितलेलं काम ती एकदा मोठ्यानं परत म्हणायची आणि मगच करायची.

एकदा मेढ्याला मामांकडे गेलो होतो. सकाळी परतीच्या एसटीत बसलो आणि तिचा फोन आला.

"सर, केंद्रांवरनं नोंदी येईनात. लोक कॅन घेऊन उभी हायत. जुन्या लॉगनी डिस्क भरलीय. मला दिसतंय, पण हात लावता येईना."

सर्व्हर आपल्या कामाची टिपणं ठेवतो, ते लॉग. ते हलवायला रूट लागतं. मी साहेबांना फोन लावून विचारलं. "द्या आता, दुसरं काय करणार," ते म्हणाले. तिला परत फोन लावला. मेसेज जाईना, नुसता आवाज जात होता, आणि गाडी खच्चून भरलेली.

पुण्यात नोकरीला होतो तेव्हा बायको फोनवर रोज एकच विचारायची. तेच शब्द मी इंग्रजी अक्षरांत जोडून पासवर्ड केला होता.

"कवा येनार तुमी," मी हळूच म्हणालो.

"मी? मी तर ऑफिसातच हाय, सर."

"तसं न्हवं. पासवर्डच हाय त्यो. इंग्रजीत, सगळं जोडून."

शेजारचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आवं, जरा मोठ्यानं इचारा की. तिला ऐकू येईना."

मोठ्यानं म्हणालो. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या.

"आलं ध्यानात," ती म्हणाली. "ह्ये मी परत म्हणत न्हाई."

पुसायच्या आधी कुठल्या फोल्डरमध्ये आहेस ते बघ, असं सांगेपर्यंत डोंगर आडवा आला आणि फोन तुटला. मी परत परत नंबर लावत राहिलो. रूटनं चुकीच्या जागी पुसलं तर सगळ्या गावांच्या नोंदी गेल्या असत्या.

"रुसली काय?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"न्हाई, आजोबा. हापिसातली पोरगी हाय. लय जोखमीचं काम दिलंय तिला."

"शानी हाय का?"

"लय शानी हाय."

"मग बसा की गप."

सातारा जवळ आल्यावर फोन लागला. नोंदी सुरू झाल्या होत्या. तिनं काहीच पुसलं नव्हतं. कुणाला लागतील म्हणून जुने लॉग दुसऱ्या डिस्कवर हलवले होते.

"आणि सर, पासवर्ड बदललाय. तुमच्या गाडीत लय माणसं हुती. नवा फोनवर सांगत न्हाई, आल्यावर सांगते."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर बसून तिच्या नावावर रूटचे अधिकार मागितले. त्यांनी थोडी कुरकुर केली, मग दिले.

उन्हाळ्यात बायको-मुलीला घेऊन पाचगणीला गेलो. फोन वाजला नाही. दुपारी न राहवून मीच लावला.

"काय बिघडलं न्हाई, सर," ती म्हणाली. "कशाला केला फोन?"