जावईबापूंना दोनदा विचारा

आमच्या जिन्यात बातमी अशी होती, की वरच्या मजल्यावरच्या बाईने घरात एक पुरुष लपवून ठेवलाय आणि ती त्याला रोज फैलावर घेते. नवरा बोटीवर, वर्षाचा बराच भाग पाण्यात. घरात ती आणि तिची सासू. आणि भिंतीतून ऐकू काय यायचं? "तयार आहे म्हणालास ना? मग का नाही गेलास? खोटारड्या!" तळमजल्यावरच्या शिंप्याने तर त्या पुरुषाचं जॅकेटही पाहिलं होतं म्हणे. चॉकलेटी.

मी असल्या बातम्यांवर विश्वास ठेवत नाही. वर जाऊन खात्री करून घेते. शिडी मागायच्या निमित्ताने गेले.

पुरुष होता. नखापेक्षा लहान, काळाकुट्ट, चौकोनी, एका हिरव्या पट्टीवर घट्ट बसवलेला. जेवणाच्या टेबलावर वायरींच्या गुंत्यात पडला होता आणि ही बाई केस वाळवायचं यंत्र त्याच्यावर रोखून उभी होती. पोलीस कबुली घेतात तशी.

"या ताई. त्या खुर्चीवर नका बसू, तिथे बॅटऱ्या आहेत."

"आणि हे कोण म्हणायचे?"

"आमचे जावईबापू. एकदा आणले की बदलता येत नाहीत, आणि चुकले तरी आपणच सांभाळून घ्यायचं."

ती ड्रायव्हर लिहिते. यंत्राच्या आत एक मुख्य प्रोग्राम असतो, तो हुकूम सोडतो. खाली चिप असते, ती काम करते. दोघांचं एकमेकांशी थेट जमत नाही, म्हणून मध्ये हा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम: याचं त्याला समजावायचं आणि त्याचं याला. मी म्हटलं, म्हणजे घरातली थोरली सून. ती हसली, आणि तेव्हापासून माझ्यापासून काही लपवेनाशी झाली. मला दुसरं काय हवं होतं?

तिच्या कंपनीचं यंत्र म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी मनगटावर बांधायचं बटण. पडलात, दाबलंत, की घरातल्या डब्याला हाक जाते आणि डबा मुलाबाळांना फोन लावतो. बॅटरी टिकावी म्हणून आतली चिप एरवी झोपलेली असते. बटण दाबलं की ती जागी होते, "मी तयार" म्हणते, आणि ड्रायव्हर तिच्या हाती हाक सोपवतो. घोडं पेंड खायचं ते इथे. चिप कधीकधी डोळे चोळत असतानाच "तयार" म्हणायची. हाक सोपवली की "गेली" असंही म्हणायची. गेलेली नसायचीच.

हे तिला कळलं कसं? तिच्याच सासूबाईंच्या मनगटावर कंपनीचं बटण होतं. आमच्या या मावशी एकदा सकाळी न्हाणीघरात घसरल्या, हात अंगाखाली अडकला, कसंबसं एकदा बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, म्हणजे हाक गेली म्हणे. सून ऑफिसात, तिचा फोन गप्प. संध्याकाळी दार उघडून आली तेव्हा मावशी तशाच फरशीवर. हाड मोडलं नव्हतं, पण विश्वास मोडला. मावशींनी बटण काढून सुनेच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "याच्या भरवशावर मला घरी ठेवू नकोस गं. कुठल्यातरी आश्रमात ठेव. तिथे निदान ओरडलं तर ऐकायला माणूस असेल."

मावशी असं चेष्टेतही बोलत नाहीत. चेष्टा हे माझं खातं.

सुनेने उपाय लगेच लिहिला. चिप "तयार" म्हणाली की जरा थांबायचं आणि पुन्हा विचारायचं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं तरच हाक सोडायची. चिप हजारो मनगटांवर गेलेली, ती काही परत येणार नव्हती. जे करायचं ते ड्रायव्हरमध्येच. पण तिचे साहेब अडून बसले. पुन्हा विचारण्यात बॅटरी जाते, आणि जाहिरातीत बॅटरीचं वचन दिलंय. चिपवाले म्हणत होते, आमच्याकडे असं काही घडत नाही. ऑफिसातही घडेना. साहेबांनी सांगितलं, "घडवून दाखवा, नाहीतर नव्या आवृत्तीतून हे काढून टाकू."

म्हणून ती घरून काम करत होती आणि जावईबापूंना भाजत होती. यंत्र तापलं की बिघडतं हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं, की तिने गरम हवेचा मारा चालवलेला. जावईबापू घामाघूम होऊनही सज्जनासारखे वागत होते. आणि ती त्यांना खोटारडा म्हणत होती, तेही सबंध जिन्याला ऐकू जाईल असं.

थंडीतल्या एका सकाळी मी तिथेच चहा पीत होते. तिने खिडकीच्या कडीवर लटकवलेलं मावशींचं बटण काढलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

"आई, हे इथे कुणी अडकवलं?"

"मीच. पट्टा टोचतो म्हणून रात्री तिथेच अडकवायचे आधीपासून. आता घालत नसले तरी टेबलावर दिसलं की सवयीने अडकवते."

"म्हणजे पडलात त्या सकाळीही इथूनच काढून घातलं होतं?"

"हो. बर्फासारखं गार लागलं होतं मनगटाला."

सुनेने कपाळावर हात मारला. "ताई, मी त्याला भाजत बसले आणि तो थंडीने काकडतोय! त्याच्या आत एक घड्याळ असतं, त्याच्या ठोक्यावर तो चालतो. गारठ्यात ते सुरू व्हायला वेळ लागतो. ऑफिसात काय, सदा उबदार!"

तिच्या फ्रीजमध्ये मावशींची औषधं. तेव्हा जावईबापूंचा अख्खा गोतावळा माझ्या फ्रीजमध्ये आला, मटारच्या पिशवीशेजारी, आणि डबा माझ्या ओट्यावर. साहेब माझ्या स्वयंपाकघरात बघायला आले तेव्हा त्यांनी खरोखर चॉकलेटी जॅकेट घातलं होतं. शिंप्याला मी हे अजून सांगितलेलं नाही. त्याला फार आनंद होईल.

आधी साहेबांच्या पसंतीचं बटण, दुसऱ्यांदा न विचारणारं. फ्रीजमधून काढलं, दाबलं. हिरवा दिवा. डबा ढिम्म. साहेबांनी पुन्हा दाबलं, तोवर चिप पुरती जागी झालेली, तेव्हा वाजला.

"वाजला की! दोनदा दाबायचं, एवढंच."

सुनेबरोबर खाली आलेल्या मावशी कोपऱ्यातून म्हणाल्या, "मला एकदाच दाबता आलं होतं, साहेब."

मग सुनेने आपलं, दोनदा विचारणारं बटण फ्रीजमधून काढून दाबलं. डबा क्षणभर गप्प राहिला. आणि मग तो खणखणला, पाठोपाठ तिचा फोन. मावशींनी मनगट पुढे केलं. सुनेने पट्टा बांधला, टोचू नये म्हणून एक भोक सैल ठेवून.

"राहू द्या ते दोनदा विचारणं," साहेब म्हणाले. "जाहिरातीचं मी बघतो." पण दारात त्यांना राहवलं नाही. "चूक चिपवाल्यांची, आणि बॅटरी आपली जाणार. त्यांनी चुकायचं आणि तुम्ही जन्मभर निस्तरत बसायचं, हे पटतं तुम्हाला?"

ती म्हणाली, "चिपवाल्यांशी भांडायला मला आयुष्य पडलंय, साहेब. पण आई पडल्या की चिपवाल्यांना हाक मारत नाहीत, मला मारतात."