पदराखालची जागा

माझी अर्धशिशी दहा-बारा वर्षांची. लातूरच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या, कपाळात सुया दिल्या. थोडे दिवस बरे जायचे, पुन्हा अर्धा महिना खिडकी लावून पडून राहायचं. शेवटी त्यांनी नांदेडच्या सर्जनच्या नावे चिठ्ठी दिली.

सर्जननी समजावलं ते असं. प्रत्येकाचं डोकं दुखायचं ऑपरेशनने थांबत नाही. कुणाची नस भुवईपाशी दबलेली असते, कुणाची मानेत; ती मोकळी करतात. कुणाला कातडीखाली बॅटरीचं यंत्र बसवतात. पण आधी दुखऱ्या जागी बधिर करायची सुई. तिनं ठणका थांबला तरच पुढचं बोलायचं.

कुठून सुरू होतं, असं त्यांनी मला विचारलं. उत्तर सोबत आलेल्या मालकांनी दिलं, "कपाळातून, साहेब. फडकं आवळून बसती."

फडकं बांधते हे खरं. पण दुखणं उठतं मागून, मानेच्या खळगीतून. तिथं पदर होता. परक्या पुरुषापुढं डोक्यावरचा पदर मी कधी सारला नव्हता. सुई भुवईत दिली. त्या दिवशीही ठणका होता, तो तसाच राहिला. अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं, बरं वाटतं का. एवढं केलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी "हाव" म्हणाले. पुढचा मंगळवार ठरला.

चाकूरला घरी आले आणि जीव थाऱ्यावर राहिना. झाडलेली खोली पुन्हा झाडायची, आरशात भुवई बघायची. चिरणार इथं आणि दुखणं मागंच राहणार, हे मला एकटीला माहीत. मालकांनी शाळेतून रजा काढली, लेक सासरहून आली. आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

मंगळवारी नांदेडला सर्जन पेनाने भुवईवर खूण करायला लागले. मी त्यांचा हात धरला.

"इथं न्हाई."

"आता सांगती?" मालक म्हणाले. "आठ दिवस काय तोंडाला कुलूप होतं?"

मी पदर मागं सारला, अंबाडा वर धरला आणि मानेवर बोट ठेवलं.

डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं. मानेत सुई दिली आणि स्टूल ओढून समोर बसले. "ह्या वेळी माझ्यासाठी हाव म्हणू नका."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. मालक दारापर्यंत जाऊन परत येत होते. ठणका उतरतोय, की उतरावा असं मलाच वाटतंय, ते कळेना. 'हाव' ओठांवर येऊन बसलं होतं.

"थांबा जरा," मी म्हणाले. "अजून सांगता येईना."