चालत येऊन बोलणारी बाई

गाव सोडलं तवा देवळीच्या स्टँडवर माह्याजवळ एक थैली आन् त्यात बुढीचा, माह्या बायकोचा, पितळी तांब्या, एवढंच होतं. वावर लहान्या भावाले कराले देलं, घराले कुलूप लावलं. भाऊ म्हणे, "दादा, करमलं नाई तं परत येजा." मी म्हटलं, "पहिले जाऊ तं दे." बस लागली, बसलो. रडलो-बिडलो नाई. बुढी गेली तवाच ते काम उरकलं होतं.

गावात राह्यलेले आन् माह्यासारखे निघून आलेले, दोघाईसाठी लिहून राह्यलो. शाळा चौथीपर्यंत, म्हणून बोलतो तसंच लिहितो.

आमचं वांग्या-मेथीचं वावर लांबच लांब. मी विहिरीवर, बुढी पार तिकडच्या धुऱ्यावर, बांधापाशी. "मोटरपंप बंद कर म्हटलं तं काऊन नाई केला?" असं माहं तोंड सुरू. पण तिनं जन्मात कधी दुरून उत्तर देलं नाई. हातातला विळा ठेवे, सऱ्या ओलांडत निवांत चालत ये, पुढ्यात उभी राहे, पदरानं तोंड पुसे आन् म्हणे, "हं. सांगा आता." तोपर्यंत माहा अर्धा राग वाऱ्यावर गेलेला राहे. माहं पुरतं ऐकल्याशिवाय ती तोंड उघडे नाई. लोक म्हणत, बाई भोळी आहे. भोळी नोती. मले एकही भांडण तिच्यासंगं पुरं करता आलं नाई.

शहरात, नालवाडीत, पोराचा फ्लॅट. इथं चालाले जागाच नाई. हॉलमध्ये बोललं तं किचनमध्ये ऐकू जाते, आन् खालच्या मजल्यावरबी. मी हॉलमधून म्हणतो, "भाजी अळणी आहे." सून वैशाली किचनमधून म्हणते, "डॉक्टरनं सांगितलं तेवढं मीठ आहे." पोरगा बेडरूममधून दोघाईले म्हणते, "हळू बोला." तोंड कोणाचंच कोणाले दिसत नाई. एका सकाळी मी म्हटलं, "यापेक्षा माहं रिकामं घर बरं," आन् थैली भराले बसलो. किचनमधून वैशाली पोराले म्हणे, "जाऊ द्या त्यायले. इथलं काईच पटत नाई त्यायले."

जीभ शिवशिवली. पण तांब्या थैलीत ठेवताना वाटलं, आता सऱ्या ओलांडून येणारं कोणी नाई. म्हणून मीच उठलो, किचनच्या दारात गेलो. घर लहान, राग थंडा व्हाले रस्ता पुरला नाई. म्हणून तो उतरेपर्यंत दारातच थांबलो. तिनं गॅस बंद केला. मंग मी म्हटलं, "हं. सांग आता."

तिनं फडक्यानं हात पुसले. म्हणे, "बाबा, आईचा मले गावाहून रोज दुपारी फोन ये. मशीनवर काय शिवलं, जेवली का, सारं इचारत. आता दुपारी फोन वाजत नाई. तुमाले वाटते तुमचंच माणूस गेलं."

हे मले ठाऊक नोतं. तिनं हॉलमध्ये जाऊन थैलीतला तांब्या काढला, घासला आन् माठावर ठेवला.

भाऊ फोनवर इचारते, "दादा, करमते का?" मी म्हणतो, करमत नाई, पण राहतो. गावच्या घराचं कुलूप तसंच आहे. भाजी अजूनबी अळणीच आहे. दुपारी तिची शिलाई मशीन थांबली का मी हॉलमधून उठतो, तिच्याजवळ स्टूल घेऊन बसतो. ती बोलते, मी हं म्हणतो. तिकडं होतो तवा बुढी चालत ये. आता चालाचं काम माह्याकडं आलं.