पाणबुड्याला न भिणाऱ्या तारल्या

पाणबुड्या मत्स्यालयात लागला तो काचा पुसायला. बाहेरून. लोकांच्या बोटांचे, नाकांचे, काही पोरांच्या तर जिभांचेही डाग पुसता पुसता त्याच्या मनात आलं, बाहेरून कितीही घासा, आतलं शेवाळ कोण काढणार? मग तो पोहायला शिकला, पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारायला शिकला, आणि काचेच्या आत गेला तो एकवीस वर्षं आतच रमला. दिवसातून दोनदा, सुट्टी सोडून. बायको म्हणायची, "माझ्याशी बोलत नाही तेवढं त्या माशांशी बोलता तुम्ही." तो म्हणायचा, "अगं, तोंडात नळी असते, बोलतोय कुठला!" त्यावर ती, "तेच तर म्हणते मी. नळी असून बोलता."

त्याची लाडकी टाकी म्हणजे मधली मोठी. गोल, दोन मजले उंच, मधोमध खडक आणि खडकाभोवती सात हजार तारल्या. वीतभर लांबीच्या, चंदेरी. समुद्रातून नव्या आल्या तेव्हा त्या अशा पोहायच्या, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. सात हजार जणी एका दमात डावीकडे वळायच्या, एका दमात उजवीकडे. कुणाचा कुणाला धक्का नाही की टक्कर नाही. काचेपाशी उभ्या असलेल्या लोकांना पाणबुड्या छाती फुगवून सांगायचा, "ती सगळ्यात पुढची दिसते ना, ती म्होरकी. ती वळली की बाकीच्या वळतात." हा शोध त्याचा स्वतःचा होता आणि साफ चुकीचा होता.

तो चुकीचा आहे हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ह्या माशांच्या डॉक्टर, वयाने त्याच्या मुलीएवढ्या. एकदा त्याचं भाषण ऐकून त्या म्हणाल्या, "काका, आता थवा उलटा फिरला बघा. तुमची म्होरकी कुठाय?" म्होरकी सगळ्यात मागे गेली होती. पाणबुड्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

"अहो, यांच्यात म्होरकी-बिरकी कुणी नसते," बाई म्हणाल्या. "प्रत्येक तारली फक्त आपल्या आजूबाजूच्या चार-दोघींकडे लक्ष ठेवते. डोळ्यांनी अंतर राखायचं. आणि डोक्यावर, कल्ल्यांपाशी बारीक नळ्या असतात, शेजारणीने अंग हलवलं की पाणी ढकललं जातं, ते त्यांना तिथे कळतं. एक वळली की तिची शेजारीण वळते, मग तिची शेजारीण. पापणी लवायच्या आत अख्खा थवा वळलेला असतो."

"पण करतात कशासाठी एवढं?"

"भीतीने, काका. मोठा मासा आला तर सात हजारांत नेमकी कुठली धरावी हेच त्याला सुचत नाही. आणि कडेची असते ती आधी जाते. म्हणून जी ती आत शिरायला बघते, दुसरीच्या आडोशाला."

पाणबुड्याला हे अजिबात आवडलं नाही. टाकीवर मत्स्यालयाच्या साहेबांनी हौसेने पाटी लावली होती, 'चला, यांच्याकडून एकजूट शिकूया', आणि ती पाटी तो स्वतः रोज पुसायचा. बाईंचं शिक्षण मोठं असेल, पण पाण्यात कोण उतरतं, तो की बाई? असं म्हणून त्याने विषय झटकून टाकला.

पण विषय काही त्याला सोडेना. कारण तारल्या येऊन तीन वर्षं झाली आणि थवा सैल पडायला लागला. टाकीत दुसरं कोण होतं? तळाशी पसरलेले चार म्हातारे पाकट मासे आणि हा. अकरा वाजता आणि चार वाजता पाणबुड्या खाली उतरायचा, मुठीतून खाणं सोडायचा, आणि तारल्या त्याच्या बोटांशी लुटूपुटूचं भांडायच्या. कुणी खडकाशी रेंगाळायची, कुणी काचेला तोंड लावून बसायची. सात हजार जणी सात हजार दिशांना. गावात कसली कसली भीती असते, यांना कसलीच राहिली नव्हती. पाणबुड्याला तर ते बघून बरंच वाटायचं. माणसाला असं निवांत कधी मिळतं?

लोकांना मात्र बरं वाटेना. तक्रारवहीत एकाने लिहिलं, "एवढं तिकीट काढून बाजारात दिसते तीच मासळी बघायची का?" दुसऱ्याने खाली लिहिलं, "बाजारातली निदान ताजी असते."

साहेबांनी पाणबुड्याला बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. "बस," साहेब म्हणाले. "हे बघ, त्या टाकीत तीन कुपे सोडायचं चाललंय. ट्यूना म्हणतात ना, ते. वेगवान मासा. दिवसाला थोड्या तारल्या जातील, पण उरलेल्या कशा झक्क पोहतील!"

पाणबुड्या म्हणाला, "साहेब, त्या माझ्या हातून खातात हो."

"तेच तर झालंय ना रे. तुझ्या लाडाने बिघडल्यात."

"मला एक महिना द्या. मी त्यांना पोहायला लावतो. कुणाला मारायची गरज नाही."

साहेबांनी महिना दिला. खरंच दिला, लेखी दिला.

आता पाणबुड्याने काय काय केलं ते ऐका. आधी त्याने पंपाचा जोर वाढवला. तारल्या दोन दिवस प्रवाहाकडे तोंड करून शिस्तीत उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना खडकामागे शांत पाणी सापडलं आणि सगळ्या तिकडे जाऊन बसल्या. मग त्याने एक काळी फळी दोरीने पाण्यावरून ओढली, मोठ्या माशाची सावली पडावी म्हणून. काय सांगू! थवा असा घट्ट झाला, की बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणबुड्या घरी जाऊन बायकोला म्हणाला, "जमलं!" आठवडाभर त्याने हात दुखेपर्यंत फळी ओढली. आठव्या दिवशी तारल्या फळीखाली तरंगत तिच्यावरचं शेवाळ खात होत्या.

शेवटी तो स्वतःच शत्रू झाला. काळा पोशाख, मोठी काळी रबरी पावलं, हातात काठी. बुडी मारून तो थव्यावर चाल करून गेला. हातवारे केले, बुडबुडे सोडत गुरगुरला. तारल्या क्षणभर बिचकल्या, मग त्यांना त्याची मूठ दिसली आणि त्या धावत आल्या. काठीला तोंड लावून पाहिलं, खाणं नाही म्हटल्यावर हातमोजे चाचपले. एक तर मुखवट्याच्या काचेसमोर येऊन टक लावून बघत बसली. बाहेर लोक पोट धरून हसत होते. आत पाणबुड्या नळीतून ओरडत होता, "अगं बयांनो, घाबरा की जरा मला! जीव जाईल तुमचा!" नळीतून नुसते बुडबुडे निघाले. त्याला रडू आलं. मुखवट्याच्या आत रडलं की पुसता येत नाही, हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

घरी बायको म्हणाली, "माझ्यावर ओरडता तो आवाज न्यायचा की बरोबर." मग त्याचा चेहरा बघून तिने चेष्टा थांबवली आणि जवळ येऊन बसली. "नाही म्हणून सांगा. दुसरं कुणीतरी करेल."

"दुसरं कुणीतरी करेलच," तो म्हणाला. "तेच तर आहे. मी नाही म्हटलं तर काय थांबणार आहे?"



महिना संपला. डॉक्टरीणबाई साहेबांशी भांडून आल्या आणि हात हलवत परतल्या. कुपे आले, एकेक कमरेएवढा लांब, बंदुकीच्या गोळीसारखा. त्यांचा पिंजरा टाकीत सोडला. तो खडकापाशी टेकल्यावर दार आतून, हाताने उघडायचं होतं. साहेब म्हणाले, "बाहेरचा पाणबुड्या बोलावू का?" हा म्हणाला, "नको. मीच जातो." का म्हणाला, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. निदान ओळखीचा माणूस असावा, एवढंच वाटलं त्याला.

तो उतरला. काचेपलीकडे खच्चून गर्दी होती. तारल्या नेहमीसारख्या येऊन मुठीशी घुटमळल्या. त्याने मुठी उघडून दाखवल्या, रिकाम्या. मग पिंजऱ्याची खीळ ओढली.

पहिला कुपा बाहेर पडला तो दिसलाच नाही, नुसतं पाणी थरथरलं. पाठोपाठ दुसरे दोन. कडेच्या एका तारलीचे खवले चमकत खाली पडताना दिसले, बस, तेवढंच. आणि सात हजार जणी एका दमात वळल्या. तीन वर्षांपूर्वी वळायच्या तशा.

वळून त्यांनी कुठे जावं? त्याच्याकडे आल्या. टाकीत आडोसा म्हणावा असा एकच ओळखीचा होता. त्याच्याभोवती त्या गच्च फिरू लागल्या, दंडाला, मानेला, मुखवट्याला घासत, जिला तिला आतली जागा हवी. त्याला काच दिसेना, गर्दी दिसेना. काचेवर धप धप धप आवाज यायला लागला. त्याला कळलं, लोक टाळ्या वाजवताहेत, काच बडवताहेत. इतकं सुंदर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्याने दोन्ही हात पसरले. हातांनी काय अडतंय? कुपा सुसाट यायचा, वर्तुळाला भोक पडायचं, भोक मिटायचं. वरून त्याच्या कमरेच्या दोरीला दोन झटके बसले, म्हणजे वर ये. त्याने दोरीकडे दुर्लक्ष केलं. पुन्हा दोन झटके. त्याने हवेचा काटा पाहिला, काटा लाल खुणेच्या खाली गेला होता. तरी तो थोडा थांबला. छाती जड व्हायला लागली, तेव्हा हळूहळू वर निघाला आणि अख्खा थवा त्याच्याबरोबर वर यायला लागला.

शिडीपाशी पाणी संपत आलं. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हाही काही जणी त्याच्या पोटरीला चिकटून होत्या. वरचा माणूस त्याला काखेत हात घालून ओढत होता. त्याने दुसरा पायही पाण्याबाहेर काढून घेतला.