काळी चांदी आणि काकूंचा बहार

आमच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत, ते बिघडलेल्या स्टार्टरसोबतच आत येतात. जळगाव जामोदला मी आणि रफीकभाई शेतातल्या मोटरींचे स्टार्टर दुरुस्त करतो. यंदा मात्र सगळे किस्से एकाच गिऱ्हाइकाचे झाले. सोनाळ्याचे नामदेवभाऊ!

भाऊंचं कापडाचं दुकान. संत्र्याची बाग सांभाळते ती त्यांची बायको, शांताकाकू. काकू लेकीच्या बाळंतपणाला अमडापूरला निघाल्या आणि जाताना बजावून गेल्या, "झाडं ताणावर हायेत, महिनाभर पानी तोडलं हाय. उद्यापासून रोज पानी देजा. यंदाचा बहार गेला तं मले तोंड दाखवू नका!"

दुसऱ्याच दिवशी मोटर सुरू होईना.

* * *

स्टार्टरमध्ये वीज जोडणाऱ्या टिकल्या असतात, पॉइंट म्हणतात त्यांना. त्यांवर चांदी असते. रफीकभाईंनी फोनवर एवढंच विचारलं, "डबा खोलून पाहा, चांदी काळी पडली का?"

तासाभरात नामदेवभाऊ हजर! रुमालातून काकूंच्या पायातल्या चांदीच्या तोरड्या काढल्या.

"खरंच काळ्या पडल्या हो! पन कपाटातल्या डब्यातलं तुमाले कसं समजलं?"

* * *

मग आम्ही त्यांना पॉइंट नीट समजावून सांगितले. भाऊंनी घरी जाऊन ते पॉलिश पेपरनं घासले, वर दंतमंजन लावलं आणि चकाचक करून परत बसवले. मोटर तरीही चालेना, म्हणून स्टार्टरच उचलून आणला!

रफीकभाईंनी कपाळाला हात लावला. "भाऊ, चांदी तं सारी घासून टाकली तुमी! आता खालचं तांबं दिसून राह्यलं."

"तांबं तं देवाले चालते ना?"

"देवाले चालते. मोटरले नाही!"

* * *

नवे पॉइंट बसवले. रफीकभाईंनी ताकीद दिली, "आता काळे पडले तरी हात लावू नका. काळी चांदी चालते."

एवढं बोलून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या तारजोडणीच्या पिनेवरची काळी चांदी फडक्यानं पुसायला लागले!

"मंग हे काऊन पुसून राह्यले?"

"हे पुसा लागते."

"अन् माही?"

"तुमची नाही."

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. स्टार्टरचे पॉइंट एकमेकांवर आपटतात, म्हणून त्यांचं काळं आड येत नाही, पिन मात्र जागची हलत नाही, असं काहीतरी मी सांगितलं. त्यानं भाऊंचा गोंधळ वाढलाच. थोडा माझाही.

* * *

महिनाभरानं भाऊ रडकुंडीला येऊन दारात उभे. "बटन दाबतो, करंटचा काटा हालते, मी दुकानात जातो. रोजचं हाय! पन झाडाले एक कळी नाही. शांता आज येऊन राह्यली. तुमची चांदी नकली तं नाही?"

आम्ही दोघं शेतात गेलो. बांधावरच्या सामाईक पत्र्याच्या खोलीत स्टार्टर उघडला. पॉइंट ठणठणीत, काटा बरोबर. बागेतली माती मात्र कोरडी ठाक!

"करंट जाऊन राह्यला," रफीकभाई पुटपुटले, "मंग पानी कुठं जाऊन राह्यलं?"

तेवढ्यात काकू आल्या. हातातली पिशवीही त्यांनी खाली ठेवली नाही. झाडांकडे पाहिलं आणि कोरडी माती पायानं उकरली. मला फार वाईट वाटलं. मग त्या खोलीत शिरल्या, आम्ही उघडलेल्या स्टार्टरकडे न बघता कोपऱ्यातल्या दुसऱ्या डब्याचं बटण दाबलं. त्यांच्या झाडांखाली भसाभसा पाणी आलं.

आम्ही तिघं मान खाली घालून उभे होतो. काकू बांधापलीकडे बघत होत्या. तिकडे शेजारच्या गुलाबरावांची बाग पांढरीशुभ्र फुलली होती, वास पार खोलीपर्यंत येत होता.

"गुलाबराव तं दिवाळीपासून पुन्याले हायेत, पोराकडं," काकू सावकाश म्हणाल्या. "मंग त्याईचा बहार कोनं धरला?"