मयताला रंगलेले दात

माझ्या चुलत भावाने मला माफ केलं, ते मी मरायला टेकलोय असं वाटल्यामुळे.

काही वर्षांपूर्वी त्याच्या, म्हणजे पास्कूच्या, घरी जेवताना मी ताटातल्या सुरमईकडे बघून विचारलं होतं, "कालची आहे का रे?" बस, एवढंच. पण पाचूबंदरात स्वतःची मासेमारीची बोट असलेल्या माणसाला असं विचारणं म्हणजे त्याच्या सात पिढ्यांना शिळं म्हणणं! त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. पास्कूची आई, म्हणजे आमची मोठी आई, अंथरुणाला खिळल्यावर एकच घोकायची, "मी पेटीत जायच्या आधी दोघं बोला रे." आम्ही दोघंही तिच्याशी बोलायचो. एकमेकांशी नाही.

एके सकाळी दातांच्या डॉक्टरकीला असलेल्या माझ्या मुलीने, जेनीने, आमच्या फ्लॅटमध्ये तिच्या आजीचे, म्हणजे माझ्या आईचे, आणि माझे दात तपासले. आईचे दात मशेरीने काळे, माझे चहाने पिवळे.

"पप्पा, हे डाग वरचे आहेत, ते दवाखान्यात निघतील," जेनी गंभीरपणे म्हणाली. "पण दातांवर चिकट थर बसतो ना, तो दिसत नाही. ही गोळी तो लाल करून दाखवते. एक चावायची, जिभेने फिरवायची, चूळ भरायची. जिथे लाल राहील तिथे नीट घासायचं. कळलं?"

"कळलं," आम्ही म्हणालो. ती गोळ्यांचं पाकीट ठेवून कॉलेजला गेली.

"चावून काय होते?" आई म्हणाली. "दाताची वस्तू घासाची असते!" तिने पाकिटातल्या सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, बोटावर घेतल्या आणि मशेरीसारख्या हिरड्यांवरून कानाकोपऱ्यात फिरवल्या. मग ओठ दाबून खिडकीशी बसली. (मशेरीची मजा तोंडात मुरू देण्यातच असते म्हणे.) मी ऑफिसात चार माणसांना हुकूम सोडतो, पण आईपुढे माझं काही चालत नाही. मीही बोट बुडवलं.

आरशात पाहिलं आणि हादरलो. दात लाल, हिरड्या लाल, जीभ लाल, ओठ लाल! जणू नुकताच कोणाला तरी कच्चा खाऊन आलोय. ब्रश केला. मीठ लावलं. लिंबू लावलं. दात थोडे गुलाबी झाले, बाकी सगळं जसंच्या तसं.

तेवढ्यात फोन आला. मोठी आई गेली होती.

तिने मला लहानपणी मांडीवर घेऊन सुक्या बोंबलाचे काटे काढून भरवले होते. मी रडलो. आई रडली. तिचं ते लाल तोंड उघडं पडलेलं पाहून मी आणखीच रडलो.

आईला घेऊन पाचूबंदरला पोहोचलो तो तोंडावर रुमाल धरूनच. शवपेटीपाशी उभा पास्कू माझ्याकडे आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच!

"आयलास?" तो म्हणाला.

मी मान हलवली. तो थांबला. मी काही बोलेन म्हणून बिचारा वाट बघत होता. पण तोंड कसं उघडू? मयताला पान खाऊन आलो असं वाटलं असतं तर या जन्मी समेट होणार नव्हता. मी पुन्हा मान हलवली. त्याचा चेहरा दगड झाला.

"आजपन नाय बोलायचा तुला?" म्हणत तो मागे फिरला. हातातोंडाशी आलेली गोष्ट गेली, आणि तीही तोंडापायी!

मग कोणीतरी म्हणालं, "जपमाळ फ्रान्सिस सांगेल." फ्रान्सिस म्हणजे मी. आमच्या घराण्यात मयताची प्रार्थना मीच सांगतो. रुमाल खिशात गेला. मी मान खाली घालून सुरुवात केली. थोड्या वेळाने पुढच्या बायका माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. शेजारी बसून आई उत्तरादाखल प्रार्थना म्हणत होती, तेही तोंड भरून. एका म्हातारीने हुंदका दिला. मग दुसरीने. बघता बघता सगळं घर धाय मोकलून रडायला लागलं. पास्कू येऊन मला खेटून बसला आणि त्याने माझा हात घट्ट धरला.

मला वाटलं, काय लागलाय आज आवाज! मी तो आणखी चढवला.

दफनविधीनंतर सगळे घरी परतले. अंगणात चहा फिरत असताना पास्कूने मला मिठी मारली.

"मला का नाय सांगितलास?" तो ढसाढसा रडत होता. "तोंडातून एवढा रगत जाते! आनी काकीला पन तोच आजार? डॉक्टरनी किती दिवस दिलेत?"

खरं सांगायला हवं होतं. पण त्याचे हात माझ्या पाठीवर होते आणि मला ते हवे होते. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

"कसला आजार?" आई मागून कडाडली. "दात घासले रे आम्ही, मेल्या!"

आणि तिने भर अंगणात गोळ्यांची सगळी हकिगत सांगितली, खलबत्त्यासकट. पास्कू माझ्याकडे बघत राहिला. आता हात काढेल, मग काय काय काढेल, म्हणून मी डोळे मिटले. हात हलला नाही, पण थरथरू लागला. डोळे उघडले तर पठ्ठ्या खांद्यावरच्या टॉवेलात तोंड खुपसून हसत होता! आई गेल्याचा शोक अनावर झाला असं समजून एक मावशी येऊन त्याची पाठ चोळू लागली. मलाही हसू फुटलं, आणि लगेच रडू. ज्या माउलीला हे बघायचं होतं, तिलाच आम्ही नुकतं मातीत ठेवून आलो होतो.

पास्कूने डोळे पुसले, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि अंगणाच्या टोकाला पाठ करून बसलेल्या एका माणसाकडे बोट दाखवलं.

"तो अर्नाळ्याचा माजा साडू," तो हळूच म्हणाला. "मयताला आयला, पन मजशी बोलत नाय. रंग उतराच्या आत जा नि त्याच्यासमोर जरा तोंड उघडून उभा रा."

मी गेलो.